मागे

बसमध्ये उल्कान बाटली मांडीवर घेऊन बसली होती,
झाकणाला मेण लावलेलं,
वर निळ्या शाईत तारीख, वेळ, तापमान.
नारिन ते बिश्केक, सात तास,
तिने ती एकदाही खाली ठेवली नाही.
शेजारी मी, तिचा भूगोलाचा मास्तर,
पोटात गोळा, आणि खिशात
तिच्या बापाने दिलेल्या सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या.

महालाच्या फाटकावर बाटली अडकली.
"पातळ पदार्थ आत नेता येत नाही."
"हा पदार्थ नाही, नमुना आहे," ती म्हणाली.
पहारेकऱ्याने यादी पाहिली.
यादीत नमुना हा शब्द नव्हता.
दोर मात्र सुटला. कोटाखाली कमरेला गुंडाळलेला,
घोड्याच्या केसांचा, दर मीटरला एक गाठ.
यंत्र फक्त लोखंडाला ओरडतं.

आत चौदा मुलं, चौदा फलक.
ओशच्या एकाने अक्रोडाच्या टरफलांची गाळणी केलेली,
तलासच्या जुळ्या बहिणींनी
मेंढ्यांचा खोकला ओळखणारं यंत्र.
ते दर मंत्र्याच्या खोकल्याला लाल दिवा लावत होतं.
कुणी हसलं नाही.
मी हसलो, रुमालात.

प्रत्येकाला चाळीस सेकंद.
पहिल्या वर्षी तिने बर्फाच्या कडेला दगड रंगवले,
पांढरे. ते बर्फातच हरवले.
दुसऱ्या खेपेला लाल.
मी म्हटलं होतं, पुस्तकात आकडे आहेत की गं.
ती म्हणाली, पुस्तकाने आपली हिमनदी बघितली आहे का?
माझ्याकडे उत्तर नव्हतं, बूट होते.
ते घातले आणि तिच्या मागोमाग गेलो.

राष्ट्राध्यक्षांनी कागदावरून वाचलं:
"या कन्येने दाखवून दिलं आहे की आपली हिमनदी
तीन वर्षांत एकतीस मीटर पुढे गेली."
टाळ्या.
पुढे हा शब्द त्या दालनाच्या सवयीचा होता.

"मागे," उल्कान म्हणाली.
माईक चालू होता.
"मागे गेली, साहेब."

टाळ्या कशा विझतात ते तेव्हा पाहिलं,
आधी पहिली रांग, मग दुसरी,
शेवटच्या रांगेतला एक जण बराच वेळ वाजवतच राहिला.
साहेबांनी चष्मा काढला. कागद पाहिला. तिला पाहिलं.
"किती?"

तिने कोट उघडला, दोर सोडला,
एक टोक त्यांच्या हातात दिलं
आणि चालू लागली, गाठ गाठ मोजत,
मंत्र्यांच्या गुडघ्यांसमोरून, गालिच्यावरून, दाराबाहेर.
वीस गाठींवर दोर संपला.
व्हरांड्यातून आवाज आला:
"अजून अकरा!"
देशाचा प्रमुख टोक धरून उभा,
शेळी सुटू नये म्हणून धरावं तसा.
त्या फोटोत तो अगदी आमच्या गावचा दिसतो.
छापून आला तो पदकाचा.

परतताना बाटली फाटकावर होती,
मेण शाबूत, पण टेबलावर नाही,
भिंतीच्या सावलीत.
"उन्हात आकडा चुकला असता ना?" पहारेकरी म्हणाला.
मग टोपी सारून, हळू:
"मी त्याच खोऱ्यातला. मागे, मी आठ वर्षांचा असताना,
बर्फ जुमाकादिरच्या मेंढवाड्याला लागून होतं.
भिंतीवर चढून आम्ही ते चाटायचो."

उल्कानने वही काढली.
वारा होता, म्हणून पानावर पदक ठेवलं.
"कुठली भिंत?"
त्याने डोळे मिटले.
त्याच्या मागे गाड्यांची रांग, भोंगे, कुणाचा तरी ताफा.
"उत्तरेची," तो म्हणाला. "बहुतेक."

तिने लिहिलं: मेंढवाडा, उत्तर भिंत,
सुमारे चाळीस वर्षांपूर्वी.
आणि पुढे, कंसात,
बहुतेक.